बोअरचं जड पाणी, चार दिवसांआड येणारं नळाचं पाणी: नेमकं काय तपासून घ्यावं?

माणगंगा

माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. घरात दोन पाणी आहेत. एक नळाचं, धरणावरून येणारं, ते चार दिवसांआड सुटतं. दुसरं घरामागच्या बोअरचं. प्यायला जार घेतो, बाकी सगळं बोअरवर.

बोअरच्या पाण्याचा त्रास इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. तोट्यांना पांढरे खडे धरतात, बाथरूमच्या टाइल्सवर थर, साबणाला फेस नाही, गिझरची कॉइल वारंवार जाते. माठाला बाहेरून पांढरं फुटतं आणि मग तो पाणी गार करत नाही. तुरीची डाळ तीन शिट्ट्यांनी शिजत नाही, म्हणून सासूबाई चिमूटभर सोडा टाकतात. केस तर विचारूच नका.

गेल्या पंधरवड्यात घरी तीन विक्रेते येऊन गेले. एकाला आरओ विकायचा आहे, दुसऱ्याला सगळ्या घराचा सॉफ्टनर, तिसऱ्याला पाइपला बांधायचं चुंबक. एकाने टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा, पेन बुडवून आकडा दाखवला. दुसऱ्याने दोन ग्लासांत वायरचे दांडे सोडले. आमच्या पाण्याचा ग्लास तपकिरी गाळाने भरला, त्याच्या पाण्याचा तसाच राहिला. "ताई, हे तुमची मुलं पितायत," असं म्हणून गेला. तेव्हापासून घरात सगळेच घाबरले आहेत.

खर्च करायची तयारी आहे, पण आधी समजून घ्यायचं आहे. हे पाणी वापरायला फक्त त्रासदायक आहे की प्रकृतीला धोक्याचं आहे? आणि ते ठरवायचं कसं?

---

फुंकनळी

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आधी त्या ग्लासाबद्दल सांगतो, कारण त्या प्रयोगाने गावोगावी माणसं घाबरवली जातात.

ते दांडे लोखंडाचे असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज तयार होतो. तो तपकिरी गाळ दांड्याचा आहे, तुमच्या पाण्यातला नाही. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि ग्लास स्वच्छ दिसतो. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तिथेही तसाच गाळ झाला असता.

आता पेनबद्दल. तो पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि तिच्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यातला कॅल्शियम किती, साधं मीठ किती, नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. जंतू तर मुळीच दिसत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या धरणाच्या पाण्याचा टीडीएस २५० येईल आणि निर्धोक बोअरचा ९०० येईल.

कठीणपणा म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, झिजताना हे दोन्ही पाण्यात उतरतात. काळ्या रानात नांगरताना चुनखडीचे खडे वर येतात ना, ते त्याच कॅल्शियमचे. पाणी जितकं खोल आणि जितकं जास्त काळ खडकात मुरलेलं, तितकं ते साधारण जड.

भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ची आवृत्ती, पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतं. दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतं. टीडीएसचं तसंच, ५०० आणि २०००. पण नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिला कुठलीही सवलत नाही. या फरकाकडे लक्ष द्या. कठीणपणा आणि टीडीएसचा प्रश्न बराचसा चवीचा, थराचा आणि पोटाच्या तक्रारीचा असतो. नायट्रेटमध्ये प्रकृतीला धोका आहे.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी तपासणी करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा असते, काही तालुक्यांच्या ठिकाणी उपविभागीय प्रयोगशाळाही आहेत. थोडं शुल्क भरून सामान्य माणसाला पाणी तपासून मिळतं. दोन्ही पाण्यांची रासायनिक आणि जैविक अशा दोन्ही तपासण्या सांगा.

---

थेम्सकाठची

मूळ गाव वाई, आता लंडनमध्ये. इथलं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं आणि चांगलंच जड आहे. कठीणपणा २५०च्या वर जातो. किटलीच्या तळाशी महिन्याभरात पांढरा पापुद्रा धरतो. तरी सगळं शहर नळाला ग्लास लावून तेच पितं, कारण ते जंतुविरहित ठेवलं जातं आणि पाइपमध्ये चोवीस तास दाब असतो. कठीणपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. पांढरा थर पाहून माहेरी आई घाबरते, तिला मी हेच सांगते.

---

तोटी_आणि_पाना

मी प्लंबिंगची कामं करतो, माणच्या शेजारच्याच तालुक्यात. घरातल्या त्रासावर रोजच्या कामातलं सांगतो.

गिझर: थर्मोस्टॅट ५० ते ५५वर ठेवा. ६०च्या पुढे गेलं की थर भराभर बसतो. आत मॅग्नेशियमचा दांडा असतो, तो टाकीला गंजापासून वाचवतो. तो संपला तरी कोणी बदलत नाही आणि मग टाकीच गळते. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या.

सोलर घेणार असाल तर बोअरच्या पाण्याला तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट पत्रा घेऊ नका, नळ्या चोंदतात. काचेच्या ट्यूबवाला जास्त टिकतो.

तोटी, शॉवर: जाळी काढून रात्रभर लिंबूसत्त्वाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात ठेवा, सकाळी जुन्या ब्रशने घासा. पण शहाबादी फरशी आणि संगमरवरावर आम्ल अजिबात टाकू नका. हे दोन्ही चुन्याचेच दगड आहेत, फरशी खाल्ली जाते आणि पुन्हा चकाकी येत नाही. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

चुंबक घेऊ नका. कॅल्शियम पाण्यात होता तितकाच राहतो. मी बसवलेली काढून ठेवली आहेत, खाली थर तसाच.

---

पूर्णाकाठ

आमचं दर्यापूरकडचं गाव, खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरला आहे. इथे लिहायचं कारण असं की "जड पाणी" आणि "खारं पाणी" या दोन गोष्टी लोक एकच समजतात.

आमच्या विहिरीच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड भरपूर. पाणी तोंडात घेतलं की खारट लागतं, पिकाला दिलं की जमीन चिबडते, वर पांढरी खार फुटते. एका विक्रेत्याने आमच्याकडे सॉफ्टनर विकले. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियमच घालतो. आमच्या पाण्याला त्याचा काय उपयोग? पैसे गेले, पाणी खारंच राहिलं. आमच्यासारख्या पाण्याला प्यायला आरओ लागतो, नाहीतर बाहेरून आणलेलं धरणाचं पाणी. ताई, आधी तुमचं पाणी कोणत्या जातीचं आहे ते बघा, मग यंत्र.

---

फुंकनळी

पूर्णाकाठ यांनी फार महत्त्वाचं सांगितलं, त्याला आकडा जोडतो. सॉफ्टनरमध्ये राळेचे मणी असतात. ते एक कॅल्शियम घेतात आणि दोन सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करायचे. हिशेब असा: दर १०० मिलिग्रॅम कठीणपणा गेला की पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम येतो. कठीणपणा ६०० असेल तर लिटरला सुमारे २७६.

म्हणून सॉफ्टनरचं पाणी आंघोळीला, कपड्यांना, गिझरला उत्तम. प्यायच्या आणि स्वयंपाकाच्या नळाला ते जोडू नये. आणि सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस पेन बुडवून "आकडा कमी झाला नाही, फसवलं" असं म्हणू नका. तो कमी होणारच नसतो, फक्त क्षार बदलतात. सॉफ्टनर चालतोय का, हे साबणाने तपासा. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या. अंगाचा खरा साबण विरघळवून त्याचे थेंब टाकत हलवा. डिटर्जंट किंवा शाम्पू चालत नाही. टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते मोजा, मग पावसाच्या पाण्याबरोबर तुलना करा. अकरावीच्या मुलांना प्रयोगशाळेत ईडीटीए नावाच्या रसायनाने कठीणपणा मोजायला लावतो, तिथे द्रावणाचा रंग मद्यासारख्या लालवरून निळा होतो. घरच्या कामाला साबण पुरतो.

---

जांभा

आम्ही राजापूरकडचे. आमच्याकडे उलटं. जांभ्या दगडातून आलेलं विहिरीचं पाणी इतकं मऊ की अंगावरचा साबण निघाला की नाही तेच कळत नाही. डाळ लोण्यासारखी शिजते. पण पाणी किंचित आम्लधर्मी असतं, लोखंडी पाइप आतून खातं आणि हंड्याला तांबूस रंग धरतो. त्यामुळे मऊ पाणी म्हणजे चांगलं पाणी असंही नाही.

---

ओवा_आणि_सुंठ

डाळीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं. पाण्यातला कॅल्शियम त्याला घट्ट बांधतो, म्हणून डाळ टणक राहते. सोड्याने ती शिजते, पण त्यात ब१ जीवनसत्त्व जातं. रोजच्या वरणात सोडा नको.

डाळ नळाच्या पाण्यात भिजवा आणि त्यातच शिजवा. दिवसाला दोन-तीन लिटरचाच प्रश्न असतो, तेवढं पाणी वेगळं साठवता येतं. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला, आंबटानेही ती अडते. हरभरा, राजमा, वाटाणा यांना तर हे जास्तच लागू आहे.

केसांसाठी: शिकेकाई-रिठा जड पाण्यातही काम करतात. साबणासारखा चिकट साका त्यांचा होत नाही. आंघोळ बोअरच्या पाण्याने करा, शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या. माझ्या मुलींना यानेच फरक पडला.

---

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, ग्रामीण भागात दवाखाना चालवते. रोज विचारला जाणारा प्रश्न: बोअरच्या पाण्याने मुतखडा होतो का? पाण्याच्या कठीणपणाचा मुतखड्याशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही. पाणी कमी पिणं हे मोठं कारण आहे. आपल्या उन्हात शेतात राबणारी माणसं दिवसभरात तांब्याभर पाण्यावर राहतात, आणि चव नाही म्हणून बोअरचं पाणी आणखी कमी पितात. चवीचा परिणाम असा आडून होतो.

ज्यांना रक्तदाब आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी सॉफ्टनरचं पाणी पिऊ नये. वर सरांनी दिलेला हिशेब पाहा: लिटरला २७६, तीन लिटरला आठशेच्या वर. दिवसभरात सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवा असं आम्ही सांगतो, त्यातला मोठा वाटा पाण्यातूनच संपतो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला जुलाब, कावीळ, विषमज्वराचे रुग्ण येतात, आणि त्यातले बरेच "आमच्याकडे गोडं पाणी आहे" असं सांगणारे असतात. पांढरा थर डोळ्यांना दिसतो म्हणून त्याचीच भीती वाटते. फ्लोराइड दिसत नाही, नायट्रेट दिसत नाही, जंतू दिसत नाहीत. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात ते फ्लोराइडमुळे. त्या पाण्याचा रंग, वास, चव सगळं चांगलं असतं. माणगंगाताई, अहवाल आला की आधी हे तीन रकाने बघा.

आणि जारबद्दल. सीलबंद पाण्याला आयएस १४५४३ हे मानक आहे आणि ते पाळणाऱ्या पाण्यावर आयएसआयची खूण असते. दारात येणाऱ्या थंड पाण्याच्या जारवर ती असते का, बघितलंय का? आरओमधून काढलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. जार नीट धुतला नसेल तर ते पाणी राखायला काहीच नसतं.

---

माणगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. जारवर खूण नाही, बघितलं.

नमुने देऊन आले. प्रयोगशाळेने जैविक तपासणीसाठी निर्जंतुक बाटली दिली. तोटी जाळावर तापवून मगच भरायची आणि बर्फाच्या डब्यात लवकर पोचवायची, असं सांगितलं. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने विसळून, बोअर थोडा वेळ चालवून मग भरली.

अहवाल असा:

बोअर: टीडीएस ९२०, एकूण कठीणपणा ६४०, अल्कता ३८०, क्लोराइड २१०, सल्फेट ९०, फ्लोराइड ०.६, नायट्रेट ६२. ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) नाही.

नळ: टीडीएस २४०, कठीणपणा १४०, नायट्रेट ८, गढूळपणा ४. उर्वरित क्लोरीन शून्य. ई. कोलाय आहे.

म्हणजे जे पाणी आम्ही चांगलं समजत होतो त्यात जंतू, आणि बोअरमध्ये नायट्रेट. उकळून प्यायलं तर दोन्ही जाईल का?

---

नाडीपरीक्षा

नळाचं पाणी चांगली उकळी आणून गार केलं तर जंतू मरतात. बोअरचं पाणी उकळू नका. उकळताना वाफ जाते आणि नायट्रेट मागे राहतं, म्हणजे ते वाढतंच. फ्लोराइडचंही तसंच.

घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि वरचं दूध पावडरचं असेल तर ते या बोअरच्या पाण्यात कालवू नये. एवढ्या लहान बाळांत नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, बाळ निळसर पडतं. शेजारीपाजारीही सांगा.

---

फुंकनळी

अहवाल वाचायला शिकण्यासारखा आहे. कठीणपणा ६४०, अल्कता (म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट) ३८०. कठीणपणातला सुमारे ३८० एवढा भाग तात्पुरता कठीणपणा, म्हणजे बायकार्बोनेटचा. तो तापवल्यावर खाली बसतो, तुमच्या गिझरमध्ये साचतो तो हाच. उरलेले २६० कायमचे, क्लोराइड-सल्फेटचे. उकळूनही ते जात नाहीत, म्हणूनच पाणी तापवून घेतलं तरी साबण फेसाळत नाही.

नायट्रेट बेसाल्टमधून येत नाही. ते वरून येतं: शोषखड्डा, उकिरडा, गोठा, युरिया. बोअरपासून तुमचा आणि शेजाऱ्यांचा शोषखड्डा किती अंतरावर आहे? केसिंग, म्हणजे बोअरमध्ये उतरवलेला पाइप, वरच्या मुरमाच्या खाली, पक्क्या खडकापर्यंत गेलंय का? बोअरच्या तोंडाभोवती सिमेंटचा ओटा आहे का? आजूबाजूचं सांडपाणी केसिंगच्या कडेने थेट खाली उतरतं. आज ई. कोलाय नाही, पण पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा.

---

माणगंगा

ओटा नाही. शेजाऱ्यांचा शोषखड्डा भिंतीला लागूनच आहे.

मग आरओ घ्यावाच का?

---

तोटी_आणि_पाना

मला विकायचा नाही म्हणून मोकळं सांगतो. नायट्रेट आरओने बरंच कमी होतं, पण घरगुती आरओ एक लिटर देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. दुष्काळी तालुक्यात हे पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा. ते भांडी-फरशीला वापरा, झाडांना सतत घालू नका, क्षार दुप्पट झालेले नसले तरी वाढलेले असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये टीडीएस ५००च्या खाली असेल तिथे आरओ बंद करायला आणि बाकी ठिकाणी किमान ६० टक्के पाणी परत मिळेल असं यंत्र ठेवायला सांगितलं होतं. तुमच्या नळाच्या पाण्याला, टीडीएस २४०ला, आरओची गरजच नाही.

पाच माणसांच्या घराला पिणं आणि स्वयंपाक मिळून दिवसाला २५ लिटर धरा. चार दिवसांचे १०० लिटर. झाकणाची, खाली तोटी असलेली २०० लिटरची वेगळी टाकी घ्या आणि फक्त नळाचं पाणी तिच्यात भरा. तांब्या बुडवायचा नाही. त्यात क्लोरीनचं द्रावण डब्यावर लिहिलंय तेवढंच टाका, अर्धा तास थांबा. गढूळ असेल तर आधी गाळून घ्या. बोअर राहू द्या आंघोळ-कपड्यांना. पैसे उरले तर गिझरच्या आधी छोटा सॉफ्टनर.

---

वाळूतला_झरा

छपराचं पाणी कोणी मोजलं नाही अजून. माणदेशात पाऊस कमी, वर्षाला ५०० मिलिमीटर धरू. १०० चौरस मीटर स्लॅबवर ५०,००० लिटर पडतं, त्यातलं ४०,००० तरी हाती लागतं. कठीणपणा जवळजवळ शून्य, नायट्रेट नगण्य. पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, स्लॅब झाडून ठेवायचा, वाळूच्या गाळणीतून टाकीत घ्यायचं. दिवसाला २५ लिटरप्रमाणे चार महिन्यांना ३,००० लिटर लागतात. तेवढी टाकी मावली की उन्हाळ्याची डाळ-चहाची सोय झाली. राहिलेलं पाणी बोअरजवळ मुरवा, पण गाळूनच, नाहीतर घाण खाली जाते.

---

माणगंगा

टाकी आणि ओट्याचं काम आधी करतो, असं घरात ठरलं. सॉफ्टनरचं नंतर बघू.

पण नळात जंतू आहेत हे फक्त माझ्या घरापुरतं नाही. सगळा वॉर्ड तेच पितो. लेखी अर्ज द्यायचा आहे. नुसता माझा अहवाल जोडून होईल का?

---

टीसीएल_पावडर

मी ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. एका घराच्या अहवालावर "तुमची टाकी घाण असेल" हेच उत्तर मिळतं. म्हणून नमुना टाकीतून नाही, थेट नळातून घ्या, आणि मोटर लावलेली नसताना. लाइनला मोटर लावली की पाइपमध्ये ओढ तयार होते आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत येतं. वॉर्डात कोणीच त्या वेळी मोटर लावू नये, एवढं आधी बोलून घ्या.

पाणी सुटलं की पहिलं दहा मिनिटं जाऊ द्या, धुण्याला धरा. मग तीन ठिकाणी ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन बघायची तपासणी) करा: जलकुंभाखालचा पहिला नळ, वॉर्डाच्या मधला, सगळ्यात शेवटचा. नळीत पाणी, ओटीचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, तक्त्याशी लावून वाचायचं. शेवटच्या नळाला क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम यायला हवा. कुंभाजवळच शून्य असेल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलीच जात नाही किंवा पावडर जुनी, उघडी राहिलेली आहे. कुंभाजवळ आहे आणि शेवटी नाही, तर मध्ये कुठेतरी गळती आहे. मग पाइप गटार कुठे ओलांडतो ते चालत जाऊन बघा, जागा लिहा, फोटो काढा.

अर्जात तारीख, वेळ, तीन जागा, तीन आकडे, प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत आणि शेजाऱ्यांच्या सह्या. पोच घ्या. मागणी दोनच ठेवा: गळती काढा, आणि शेवटच्या नळाचा क्लोरीनचा आकडा रोज फलकावर लिहा. ओटी केलेलं नळीतलं पाणी विषारी असतं, ते ओतून द्या आणि हात धुवा. मुलांच्या हातात किट देऊ नका.